मिठाचा कणही नाही

भावनगर, फाल्गुन वद्य ८

बेन लाभु,

जय श्रीकृष्ण. अक्षर माझंच आहे हे आधी पाहून घे, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. दवाखान्यातून परवा घरी आलो. तुझ्यापर्यंत जामनगरला जे पोचलं असेल त्यातलं निम्मं खोटं. मी कढईत पडलो नाही. कढईपासून चांगला लांब, पाटाशी बसून गाठिया वळत होतो. तळहाताची टाच पिठावर होती आणि एकाएकी हातात जोरच उरला नाही. मला वाटलं पीठ घट्ट भिजलंय. जेरामला तसं म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, शेठ, पीठ बरोबर आहे, तुम्ही पांढरे पडलाय. माझ्या पिठाविषयी माझा अंदाज आजवर चुकला तो एवढाच.

काळजाचा झटका होता. डॉक्टर वसावडा म्हणतात, काळजाचा एक भाग कायमचा थकला, आता उरलेल्यावर संसार करायचा. तूप बंद, तळण बंद आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मीठ बंद. मिठानं अंगात पाणी साचतं आणि ते उपसता उपसता थकलेलं काळीज बसतं. मी त्यांना विचारलं, बंद म्हणजे कमी की बंद? ते म्हणाले, नौतमलाल, तुमच्यासारख्या माणसाला कमी सांगितलं तर तुम्ही तराजू काढाल, म्हणून बंद.

मी चार इयत्ता शिकलेला माणूस, पण कारण कळलं की नियम पाळतो. घरी आल्याबरोबर मिठाची बरणी जेरामच्या हाती दुकानात पाठवली. पापड आणि लोणची शेजारी गेली. पापडखारही गेला, कारण खार तो खार. रंभा म्हणाली, मला कोणता रोग झालाय? मी म्हटलं, एका घरात दोन चवी शिजल्या की पातेली बदलतात. त्या दिवसापासून ती माझ्याच पातेल्यातलं खाते.

फक्त जेवण जात नाही, बेन. काल मुगाची डाळ खाल्ली, ओली माती. दुधी म्हणजे नुसतं गरम पाणी. ज्याच्या हातच्या मिठासाठी महुव्यापासून गिऱ्हाईक येतं, त्याच्या जिभेवर ही पाळी. घास तोंडात फिरत राहतो. रंभा समोर बसून माझ्या गळ्याकडे बघते, उतरला की नाही.

उन्हात येऊ नकोस. पत्र लिही.

नौतम

---

जामनगर, चैत्र शुद्ध ४

भाई नौतम,

तुझं पत्र तुझ्या बनेवींनी, म्हणजे ह्यांनी, मोठ्यानं वाचलं आणि मी दोनदा वाचायला लावलं. येऊ नकोस म्हणालास म्हणून आले नाही असं समजू नकोस. माझ्या गुडघ्यांनी येऊ दिलं नाही.

आता नीट ऐक. अळणी शिजवायलासुद्धा अक्कल लागते आणि ती तुमच्या गाठियावाल्यांच्या गल्लीत कोणाकडे नसते. मुगाची डाळ शिजली की वरून लिंबू पिळायचं, शिजताना नाही. दुधीला आलं आणि हिरवी मिरची ठेचून. मेथी धुवून बाजरीच्या पिठात मळली की रोटल्याला आपोआप चव येते. लसूण भाजून, तेलात नव्हे, निखाऱ्यावर. वांग्याचा ओळो, म्हणजे भरीत, केलास तर त्यात तेलाचा एक चमचा आणि कांद्याची पात भरपूर. हे सगळं रंभाला वाचून दाखव. तिला लिहिलं असतं, पण ती म्हणेल नणंद स्वयंपाक शिकवते.

आणि मुख्य गोष्ट. आमच्या शेजारचे पोपटभाई मुलीकडे भावनगरला येतायत, त्यांच्याबरोबर सैंधव पाठवतेय. खडे आणून मी स्वतः कुटलंय. मीठ बंद म्हणून माणसानं माती खायची का? एकादशीला देवाला सैंधव चालतं, आजाऱ्याला वैद्य सैंधव देतात, तुझ्या काळजाला न चालायला काय झालं? पण लक्षात ठेव, सैंधव फिकं असतं. हात आखडलास तर चव लागणार नाही. रंभाला म्हणावं, मिठापेक्षा सढळ हातानं घाल. ताकात तर घालच, वर भाजलेलं जिरं. उन्हाळा आहे, ताक पीत राहा.

दुकानात पाय ठेवू नकोस. ठेवशील हे मला माहीत आहे, तरी सांगून ठेवते.

लाभु

---

भावनगर, चैत्र वद्य १०

बेन लाभु,

पोपटभाई आले, पुडा पोचला. त्याच रात्री मुगाची खिचडी, ताक आणि भाजलेला लसूण. मी दोनदा वाढून घेतलं. रंभानं गळ्याकडे बघणं सोडलं. ती म्हणाली, बेन डॉक्टर झाल्या असत्या तर वसावडांना दुकान काढावं लागलं असतं. तुला इतकं चांगलं ती तुझ्या तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून कळवतोय.

दुकानात जातो. गल्ल्यावर बसतो फक्त. तू चिडशील, पण घरात पडून माझं पीठ कोण बिघडवतंय याचा विचार करणं हा काळजाला जास्त ताण आहे. पाणी, तेल, मीठ आणि खार एकत्र फेसून दुधासारखं पांढरं झालं की मगच बेसन घालायचं, हे जेरामला वीस वर्षं सांगतोय आणि अजून तो घाई करतो. मी बसल्या जागेवरून फेसाचा आवाज ऐकतो. पातळ आवाज आला की हात वर करतो. पण तोंडात काही घालत नाही. पहिल्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांनी चिमटे काढले. एकजण म्हणाला, शेठ स्वतःचा माल खात नाहीत, म्हणजे त्यात काय असेल. मी म्हटलं, तुझा बाप खायचा, तू खा, मला डॉक्टरनं सोडलं की मीही खाईन.

ताक दिवसातून तीन-चार वेळा होतं. भावनगरचं ऊन तुला माहीत आहे.

पायांना जरा सूज वाटते. दिवसभर पाय लोंबकळत बसल्यानं असेल. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो. डॉक्टरांनी गोळी वाढवली. काळजी करू नकोस.

नौतम

---

जामनगर, वैशाख शुद्ध १२

भाई नौतम,

तुझं पत्र वाचलं आणि पायांच्या ओळीवर अडकले.

माणूस मीठ खात नाही, तूप खात नाही, गोळ्या घेतो, आणि पाय सुजतात. का? मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. आजोबांच्या श्राद्धाच्या वड्या कोणी खाल्ल्या हे मी तुझ्या हनुवटीकडे बघून ओळखलं होतं, आठवतं? हनुवटी आत्ता दिसत नाही, म्हणून विचारते. घाण्यातून उतरलेला तुकडा, मीठ बघण्यापुरता, जिभेच्या टोकावर, असं काही होत नाही ना? झालं असेल तर मला सांग. मी कोणाला सांगणार नाही.

हे रंभाला वाचून दाखवू नकोस.

लाभु

---

भावनगर, ज्येष्ठ शुद्ध २

लाभुबेन,

तू विचारलंस त्याचं उत्तर मी त्याच दिवशी देणार होतो. राग आला म्हणून थांबलो. आता राग दुप्पट झालाय, म्हणून लिहितोय.

मला कळलं की तू रंभालाही वेगळं पत्र लिहिलंस. नजर ठेव म्हणून. तिनंच भांडताना तोंडावर फेकलं, "तुमच्या बहिणीलासुद्धा वाटतं." मला लिहितेस कोणाला सांगणार नाही, आणि तिला आधीच सांगून बसलीस.

आता रंभा रोज दुकानात येते. न्याहारी करून येते आणि गल्ल्याच्या बाजूला स्टूल टाकून बसते. माझ्या हाताकडे बघते. मी कपाळावरचा घाम पुसला तरी हात तोंडाकडे गेला की काय म्हणून मान वळते. गल्लीत विषय झालाय. समोरचा पानवाला विचारतो, भाभींनी भागीदारी घेतली का. जेराम माझ्याकडे न बघता पीठ मळतो. कारागिरानं मालकाची दया करावी, हे मी या जन्मात बघीन असं वाटलं नव्हतं.

सोमवारी वसावडांकडे गेलो. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. त्यांनी विचारलं, मीठ? मी म्हटलं, मिठाचा कणही नाही. ते रंभाकडे बघून हसले, चोरून खाणाऱ्या नवऱ्यांच्या बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या असतील, तसं. रंभा जमिनीकडे बघत राहिली. माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आषाढात भरती करावं लागेल, आणि दुसरा झटका हे काळीज सोसणार नाही.

घरी येऊन मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, तुझी शपथ, मी काही खाल्लेलं नाही. तिनं माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "पाय खोटं बोलत नाहीत."

बेन, मला आता जिना चढता येत नाही. खालच्याच खोलीत गादी टाकली आहे. उशा रचून बसल्या बसल्या झोपतो, आडवं झालं की श्वास अडतो. मरण आलं तर येईल. पण मी चोरून खाऊन मेलो असं माझी बायको जन्मभर समजणार आणि माझी बहीण मान डोलावणार, हे मला चालणार नाही. मी नियम पाळलाय. यापुढे तुला पटेपर्यंत पत्र लिहीत नाही.

नौतम

---

तार. जामनगर, आषाढ शुद्ध ११

सैंधव मीठच आहे. आजपासून बंद. नौतम खरा. लाभु.

---

जामनगर, आषाढ शुद्ध ११

भाई नौतम, आणि रंभा, तूही ऐक,

तार मिळाली असेल. तार म्हटल्यावर तुम्ही घाबरला असाल, पण पत्राला चार दिवस लागतात आणि चार दिवस मला परवडणार नव्हते.

आज देवपोढी, आषाढी एकादशी. आणि आजच आमच्या नातीचं, जिज्ञाचं, मोळाकत व्रत सुरू झालं, पहिलं वर्ष. पोरीला नवरा चांगला मिळावा म्हणून पाच दिवस अळणी. तू विसरला नसशील, मी मोळाकत करायचे तेव्हा तू मुद्दाम माझ्या पुढ्यात बसून गाठिया खायचास आणि प्रत्येक तुकडा कसा कुरकुरीत आहे ते सांगायचास.

सकाळपासून जिज्ञानं दूध आणि अळणी पोळी खाल्ली. दुपारी तिचं तोंड उतरलं. मी माझं फराळाचं करत होते, वऱ्याची खिचडी आणि बटाट्याची सुकी भाजी. ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि भाजीतली एक फोड उचलली. मी तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, "बा, फराळाचं आहे ना, यात कुठं मीठ आहे? सैंधव तर आहे."

मी म्हटलं, "एकादशीला चालतं, मोळाकतात नाही. सैंधवसुद्धा मीठच ना, वेडे. व्रत मोडेल."

माझ्या आईनं मला असंच सांगितलं होतं आणि मी माझ्या मुलींना. नवीन काहीच बोलले नाही. पोरीनं फोड ताटलीत ठेवली आणि गेली. मी मात्र तिथंच उभी राहिले. नौतम, मी काय बोलले ते माझ्या कानांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आपल्याकडे सैंधवाला कोणी मीठ म्हणत नाही. डॉक्टरनं विचारलं मीठ, तू म्हणालास कण नाही. तू खरंच बोललास. त्यालाही दिसलं नाही आणि आपल्यालाही दिसलं नाही, कारण आपल्या घरात ते वेगळ्या डब्यात असतं. एकादशीला चालतं ते मीठ नाही म्हणून नव्हे, ते शुद्ध आहे म्हणून. शुद्धाचा आणि सुजेचा काय संबंध? तरी खात्री करायला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "बा, समुद्रातलं असो की खाणीतलं, मीठ ते मीठ." तिथून तारघर. तारबाबूनं विचारलं, "नौतम खरा" हे शब्द कमी करू का, मजकूर त्यावाचून पूर्ण होतो. मी म्हटलं, होत नाही.

आणि सढळ हातानं घाल म्हणणारीही मीच. ताकात घाल म्हणणारीही मीच. चार वेळा ताक. मला ते आकडे आठवले की बसवत नाही.

रंभा, तुला मी जे पत्र लिहिलं ते चुलीत घाल. डॉक्टरांना आजच्या आज सांगा, लाजू नका. मोळाकताचं जेवण मी चांगलं जाणते. आता खरं अळणी कसं रुचकर करायचं ते उद्या लिहिते.

लाभु

---

भावनगर, आषाढ वद्य ५

लाभुबेन,

मी रंभा लिहितेय. मला लिहायची सवय नाही, चुका काढू नका.

तार जेराम दुकानातून धावत घेऊन आला. मला वाटलं तुमच्याकडे कोणी गेलं. ह्यांनी ती दोनदा वाचली. मग माझ्या हातात दिली. मी वाचली. हे 'बघितलंस' म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. उठले, सैंधवाचा डबा काढला आणि विचारलं, "हे कुठं टाकू?" जसं मीच घराची मालकीण आणि हे नवे आलेले.

डॉक्टरांना मीच सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, ही चूक माझीही, पुढच्या माणसाला मी दोन्ही नावं घेऊन विचारीन. आता त्याच गोळ्या लागू पडतायत. अंगातलं पाणी उतरतंय. काल चप्पल पायात गेली. आज दोनच उशांवर झोपले. भरती करायचं लांबलं. काळीज थकलेलं आहे ते थकलेलंच राहणार, असं डॉक्टर म्हणतात, पण त्याच्यावरचं ओझं गेलं.

तुम्ही सांगितलंत तसं करते. कोकमाचं पाणी, भाजलेले तीळ, कच्ची कैरी किसून, मोड आलेले मूग लिंबू पिळून. जेवतात.

तुम्हांला लिहायचं कारण वेगळं आहे. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता आणि मी तो बाजूला केला होता. आमच्या घरात असल्या गोष्टींवर बोलायची पद्धत नाही. हे काही विचारत नाहीत, मी काही सांगत नाही. मी दुकानात जाणं बंद केलंय. हे घरात असले की मी सारखी काही ना काही आवरत असते. तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही इथं असतात तर तुमच्यासमोर मी बोलले असते.

रंभा

---

भावनगर, श्रावण शुद्ध ९

बेन लाभु,

तुझी तीन पत्रं आली. तीनही पत्रांत माफी मागितली आहेस, आता बास. माफी मागायची तर मी स्वतःची मागायला हवी. जन्मभर मीठ मोजून लोकांना खाऊ घातलं आणि घरातल्या ताटातलं मीठ ओळखलं नाही. जिभेला चव लागत होती तेव्हा विचारायला हवं होतं, ही चव येते कुठून? चव आवडली की माणूस चौकशी करत नाही. गिऱ्हाइकांबाबतीत मला हे माहीत होतं, स्वतःबाबतीत नव्हतं.

पाय उतरले. मधल्या पायरीवर न थांबता वर गेलो आणि वरच्या गॅलरीत बसून हे लिहितोय. हळू चढलो, घाई केली नाही.

आता दुसरं. रंभानं तुला काय लिहिलं ते मला माहीत नाही, विचारणारही नाही. पण परवाचं सांगतो.

दुकानातलं तिचं स्टूल रिकामं होतं. मी त्यावर पुडक्यांचे कागद ठेवले, मग काढले. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, नवा हात आहे का, मीठ कधी कमी तर कधी जास्त. मी जेरामकडे बघितलं. तो म्हणाला, शेठ, पन्नास घाण्यांनंतर माझ्या जिभेला आता काही कळत नाही. माझी जीभ तर बंदच. तेव्हा मी जेरामला घरी पाठवलं, रंभाला बोलावून आण म्हणून.

ती पदर सावरत आली आणि दाराशीच थांबली. म्हणाली, "नजर ठेवायला बोलावलंत का?"

मी म्हटलं, "चव बघायला. दुसऱ्या कोणाच्या जिभेवर मी घाणा उतरवणार नाही."

तिनं ताज्या घाण्यातला तुकडा मोडला, उभ्यानंच खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "खारट आहे," म्हणाली.

बेन, त्या घाण्याला मीठ मीच घातलं होतं, ते माप माझं होतं. माझ्या मुठीचं, बत्तीस वर्षांचं. त्याला खारट कोणी म्हटलं नव्हतं. ती पाच महिने माझ्याबरोबर जेवते आहे, त्यातलं शेवटचं अगदी अळणी. तिची जीभ कोरी झाली असेल, असं म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. जेराम माझ्याकडे बघत होता, बाहेर उभी असलेली ती दोन गिऱ्हाइकंही बघत होती.

मी विचारलं, "किती खारट?"

"ते मला काय माहीत. मोजणारे तुम्ही. मला खारट लागलं, एवढं सांगितलं."

मी पुढच्या घाण्याचं मीठ मुठीत घेतलं आणि त्यातलं थोडं परत डब्यात सोडलं. मग आणखी थोडं सोडलं. जेरामनं फेसायला घेतलं. ती बघत होती. मी हात पुसले. तिनं स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि म्हणाली, "फेस होऊ द्या नीट. घाई करतो हा."

नौतम